दगड विकणे आहेत

अंगणात आज अकरा दगड आहेत.
काल बारा होते.
बारावा पेरिना घेऊन गेली,
खारवलेल्या मासळीच्या पिंपावर दाब ठेवायला.
पैसे नकोत म्हटलं, तर तेलाच्या दोन बाटल्या ठेवल्या पायरीवर,
आणि दगड पोटाशी धरून उतरणीला लागली,
जड झोपलेलं नातवंड न्यावं तशी.

गिऱ्हाईक आलं की मी आधी दगड वाजवून दाखवते.
हातोडीचा एकच ठोका, हलका.
निकोप दगड खणखणीत बोलतो,
पोटात चीर असली तर बद्द.
मडकं पारखतात तसंच.
या धंद्यात खोटं बोलून चालत नाही,
माल स्वतःच तोंड उघडतो.

हा पांढरा, पुचिश्चाच्या वरच्या खाणीतला.
ह्या राखाडीत शिंपले आहेत, कधीकाळचा समुद्र.
शिंपल्यावर छिन्नी घसरते,
माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा.
आणि ह्या लांबट दगडाचं तेवढं पाठपोट लक्षात ठेवा.
खाणीत जसा निजला होता तसाच निजवा.
उभा केलात
तर दहा हिवाळ्यांत पापुद्रे सुटतील.
माणसांचं मला ठाऊक नाही.

स्प्लिटहून एक कंत्राटदार आला होता, कुणाच्या तरी न्हाणीघरासाठी.
चौकोनी कापून मिळेल का, म्हणाला.
मिळेल की. इथे सगळं कापून मिळतं.
दोन नेले त्याने. पावती मागितली.

बुरा सुटला की ह्या बेटावर दारं आपटतात
आणि म्हातारी माणसं पणजोबांच्या बोटीची गोष्ट काढतात.
द्राक्षवेली मेल्या त्या वर्षी
घरटी एक माणूस चिलीला गेलं.
दगड विकून कुणी गेलं नाही तेव्हा.
दगडाला विचारतं कोण?
रानातून वेचायचे, बांधावर टाकायचे, पुन्हा वेचायचे,
कंबर मोडेस्तोवर फुकट.
मी मात्र त्यांची किंमत लिहून चिठ्ठ्या चिकटवल्यात.
बुरा चिठ्ठ्या उडवतो. मी परत चिकटवते.

शनिवारी तादिया आला. पाथरवटांच्या शाळेतला,
वय वीस असेल नसेल, उसनी व्हॅन, पैसे दोनदा मोजलेले.
थेट थोरल्या दगडापाशी गेला.
एकोणीस वर्षं तो अंजिराखाली बसून आहे.
त्याला मी छिन्नी लावलेली नाही,
फक्त एका कडेला पेन्सिलीची रेघ,
तीही पावसाने खाल्लेली.

"काय होतं ह्यात, तुमच्या मनात?"

सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर पोरगं तेच कोरत बसलं असतं.
वाजव आधी, म्हटलं.
त्याने वाजवला, कान लावला,
आणि चेहरा असा झाला की मी निम्मी किंमत सांगितली.

पहारी, रूळ, चार माणसं, शिव्या.
दुपारी व्हॅन गेली, मागची चाकं दबलेली.
दगडाच्या जागी एक चौकोन उरला:
गवत पांढुरकं, उन्ह न लागलेलं,
एक गोगलगाय, काही किडे सैरावैरा.
मी वर थोडा पाला टाकला.
त्यांना एकदम एवढं आभाळ कशाला?

रात्री नेवेंकाचा फोन.
पुंता अरेनासला अजून दुपार होती.
बॅग तेवीस किलोचीच हं, ती म्हणाली,
छिन्न्याच आण फक्त. बाई, दगड इथेही आहेत.

कसे वाजतात?

हसली. वेडी आहेस म्हणाली.
मग म्हणाली, थांब.
दार उघडल्याचा आवाज, तिकडचा वारा,
तिच्या सपाता खडीवर,
काहीतरी शोधतेय, बहुतेक झाऱ्याच,
आणि

ठक्.

खणखणीत की बद्द,
एवढ्या पाण्यापलीकडून काही कळेना.
मी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.
परत मार, म्हटलं.